सोळा इंचांवर एक पट्टी

ही भिंत मला मोडण्यासाठी मिळाली.
माटुंग्याच्या प्रयोगशाळेत, हलत्या फलाटावर,
आठ फूट उंच, दहा फूट लांब;
आत सागाचा सांगाडा,
बाहेर विटांचा एकेरी पडदा,
मध्ये बोटभर पोकळी.
रनवारमधल्या एका बंगल्याची नक्कल.
मालक म्हणाले होते, लाकडाचं काय हवं ते करा,
लाल वीट तेवढी दिसली पाहिजे.

सांगाडा वसईच्या पास्कोल डाबरेंनी जोडला:
आधी कुसू, मग खुंटी,
खिळा अगदीच नाइलाज झाला तर.
वीट दस्तगीर मिस्त्रींची. ते औशाकडचे.
ओळंबा सोडला की तो थांबेपर्यंत श्वास घेत नसत.

नोंदवहीत मी लिहिलं:
वीट स्वतःचं ओझं वाहते, घराचं वाहत नाही.
घराशी तिचं नातं पत्र्याच्या पट्टीपुरतं,
एक टोक दरजेत, दुसरं लाकडात,
एका खिळ्यावर.

डावीकडे नव्या पट्ट्या, सोळा इंचांवर एक.
उजवीकडे बंगल्यात निघाल्या तशाच,
तीन-तीन फुटांवर,
खाऱ्या हवेने इतक्या खाल्लेल्या
की चिमटीत धरल्या तर बोटं तांबडी व्हावीत.
टिपणीस मॅडमनी त्या बिस्किटांच्या डब्यातून आणल्या होत्या,
कापसात ठेवून.

साडेदहाला पहिला हादरा. काही नाही. थोडी धूळ.
दुसऱ्याला लाकूड करकरलं.
पास्कोल म्हणाले, बोलू दे, बोलतं ते मोडत नाही.
तिसऱ्याला दिसलं:
लाकूड जातं आणि परत येतं,
विटेला जाणंच माहीत नाही.
एका खाटेवरच्या दोघांनी
वेगवेगळ्या वेळी कूस बदलावी, तसं.

खिळा उपसतो त्याचा आवाज मोठा नसतो.
शेवग्याची शेंग मोडावी, तेवढाच.
चौथ्या हादऱ्याला उजवीकडचे वरचे सात थर
न विस्कटता, एका तुकड्यात,
दार उघडावं तसे बाहेर झुकले
आणि आडवे झाले,
बंगल्याला जिथे फाटक आहे तिथे,
पोरं सायकली लावतात तिथे,
जमीन हलली की माणूस घरातून धावत
पहिल्यांदा जिथे येतं, तिथे.

सांगाडा उभा. एक खुंटी ढळली नाही.

दस्तगीर मिस्त्री ढिगाऱ्याशी बसले,
थापीच्या टोकाने एक सांधा खरवडून पाहिला.
"वीट विटेला सोडली नाही बगा."
नाहीच सोडली, मी म्हटलं.

चहा आला, निवला.
मग ते कपाकडे बघत म्हणाले,
"आमच्याकडंबी लाकूड उभंच हुतं.
विसर्जनाच्या रातीनंतर, पहाटं.
खांब, तुळया, चौकटी, समदं जागच्या जागी.
दगडाच्या भिंती तेवढ्या आत आल्या.
मी वैरणीवर झोपलेलो, भायेर."
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
मी अहवालाचा रकाना आखत बसले,
आखलेल्या रेषेवर पुन्हा एकदा आखली.

दुपारी मालकांचा फोन.
वीट दिसते ना?
मॅडम म्हणाल्या, दिसते. निम्मी जमिनीवर.

डावी बाजू राहिली होती.
केसाएवढ्या दोन भेगा, बाकी शाबूत.
सोमवारी फलाट दुसऱ्या कुणाला हवा होता,
म्हणून ती हातानेच उतरवायची.
हमाल बोलावले होते. मिस्त्रींनी त्यांना परत पाठवलं.
छिन्नी, हातोडा, पकड.
पाच वाजता सुरू केलं, आठ वाजले तरी चार थर उरलेले.
प्रत्येक पट्टी लाकडाला धरून बसलेली,
पिळावी तेव्हा थोडी वाकायची, सुटायची नाही.

"सोड की गं," ते म्हणाले एकीला,
आणि वर एक शिवी हासडली,
औशाकडची, लांबलचक,
जी मला लिहिता येणार नाही,
पण जिच्यात राग औषधालाही नव्हता.